रुग्णाला आत्ता काय हवंय? ऑर्लँडो यांच्या परिचर्या-सिद्धांताविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुली आणि नव्यानं वॉर्डात लागलेल्या स्टाफ नर्स हा सिद्धांत परीक्षेपुरता पाठ करतात आणि ड्युटीवर विसरतात. तो खरा खाटेजवळच वापरायचा आहे, म्हणून ही उत्तरं जास्तकरून खाटेजवळचीच आहेत.

हा सिद्धांत कुणाचा, आणि तो आला कुठून?

आयडा जीन ऑर्लँडो (1926–2007) या अमेरिकन नर्सचा. काही पुस्तकांत त्यांचं नाव ऑर्लँडो-पेलेटियर असंही दिसतं, व्यक्ती एकच. 1954 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून मानसिक आरोग्य परिचर्येत एम. ए. केल्यावर त्या येल विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमध्ये गेल्या. तिथं त्यांच्याकडे काम होतं ते मूलभूत नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्याचा भाग कसा बसवायचा हे शोधण्याचं. त्यासाठी नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या सुमारे 2000 प्रसंगांच्या नोंदी झाल्या. नोंदी चाळताना त्यांना आधी दोनच ढीग करता आले: चांगली परिचर्या आणि वाईट परिचर्या. मग दोन ढिगांत नेमका फरक कशामुळे पडतो हे त्यांनी शोधलं, आणि त्या उत्तरातून 1961 साली ‘द डायनॅमिक नर्स-पेशंट रिलेशनशिप’ हे पुस्तक आलं. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन या मनोरुग्णालयात काम करून त्यांनी हीच पद्धत आणखी नेमकी केली. त्यावरचं दुसरं पुस्तक 1972 चं.

थोडक्यात म्हणणं काय आहे?

रुग्णाकडे बघून नर्सच्या मनात जे येतं तो तिचा अंदाज असतो. रुग्णानं त्याला होकार दिल्याशिवाय किंवा तो दुरुस्त केल्याशिवाय त्या अंदाजावर काम करू नये.

प्रत्येक प्रसंगात तीन गोष्टी असतात. रुग्णाचं वागणं: बोललेलं, न बोललेलं, हातापायांची हालचाल, रडणं, गप्प बसणं, औषध नाकारणं. नर्सची प्रतिक्रिया: तिला काय दिसलं-ऐकलं, त्यावरून काय वाटलं आणि मनात कोणती भावना उठली. आणि नर्सची कृती. दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर उडी मारली की चूक होते. मधे रुग्णाला विचारायचं राहून जातं.

‘तातडीची गरज’ म्हणजे इमर्जन्सी का?

नाही. इथं तातडीची म्हणजे ‘या घडीची’. जी भागवली की रुग्णाचा आत्ताचा त्रास जातो किंवा कमी होतो, किंवा आपण आपलं करू शकतो असं त्याला पुन्हा वाटू लागतं, ती गरज. उशी चार बोटं वर सरकवणं हीसुद्धा तातडीची गरज असू शकते.

त्रास कुठून येतो याचे ऑर्लँडो तीन उगम सांगतात. पहिला, शरीराच्या मर्यादा: हाताला सलाईन आहे, पाय उचलत नाही, पाण्याचा पेला लांब आहे. दुसरा, जागेचाच त्रास: वॉर्डातला उजेड, शेजारच्या खाटेवरचं कण्हणं, कुणी काही न सांगता लावलेली नळी. तिसरा, गरज बोलून दाखवता न येणं. भाषा येत नाही, लाज वाटते, किंवा ‘सिस्टरांना आधीच किती काम’ असं वाटतं. गोव्यात हा तिसरा उगम फार मोठा आहे, त्यावर पुढे वेगळं उत्तर दिलं आहे.

प्रत्यक्ष खाटेजवळ हे कसं करायचं? एक उदाहरण द्या.

सर्जिकल वॉर्ड, संध्याकाळचे सात. वाळपईकडचे 62 वर्षांचे काका, हर्नियाचं ऑपरेशन कंबरेत भूल देऊन झालेलं, वॉर्डात येऊन पाच तास झालेत. नाडी थोडी जलद, बाकी निरीक्षणं ठीक. काका खाटेचा कठडा घट्ट धरून आहेत आणि तुम्ही जवळून जाल तेव्हा ‘किती वाजले?’ एवढंच विचारतात. तिसऱ्यांदा विचारलं. मुलगी शेजारी स्टुलावर बसलेली, भेटीची वेळ असल्यानं समोरच्या खाटेभोवती चारपाच माणसं.

सवयीनं काय होतं? चेहरा आवळलेला दिसला, टाके दुखत असणार, केस शीटवर गरज पडल्यास द्यायचं ट्रामाडॉल लिहिलेलं आहे, दिलं. नोंद झाली, काम झालं.

आता विचारून बघा: ‘काका, तुम्ही तीनदा वेळ विचारलीत आणि कठडा घट्ट धरलाय. मला वाटतंय टाके दुखताहेत. तसंच आहे, की दुसरं काही होतंय?’

काका म्हणतात, ‘टाके तसे नाही.’ आणि मुलीकडे बघून गप्प होतात.

ते बघणं हेसुद्धा रुग्णाचं वागणं आहे. मुलीला पाच मिनिटं व्हरांड्यात थांबायला सांगा, पडदा ओढा, खाली वाकून हळू आवाजात पुन्हा विचारा: ‘ती बाहेर गेलीय. तिच्यासमोर सांगायला अवघड वाटत होतं का?’ मग कळतं. दोन तासांपासून लघवीची कळ येतेय, मुलीनं दोनदा युरिनल दिलं, पण आडवं पडून आणि इतक्या माणसांत होत नाही. वेळ विचारत होते ती भेटीची वेळ संपून माणसं कधी जातील म्हणून.

इथून पुढे तुमचं शास्त्र. ओटीपोटावर हात ठेवून मूत्राशय भरलाय का पाहा. दोन्ही पायांत संवेदना आणि ताकद परत आली आहे का तपासा, रक्तदाब घ्या, उठवायला परवानगी आहे का बघा. मग आधी खाटेच्या कडेला पाय सोडून दोनतीन मिनिटं बसवा, घेरी येत नाही ना विचारा, आणि दोघांच्या आधारानं उभं करून युरिनल द्या. नळ सोडलेला ठेवला तर बऱ्याचदा मदत होते. 420 मिली लघवी झाली, मोजून लिहिली. झाली नसती तर वाट बघत बसायचं नाही. डॉक्टरांना कळवायचं, कारण 500–600 मिलीच्या वर ताणला गेलेला मूत्राशय नंतर नीट आकुंचन पावत नाही, आणि कॅथेटर घालायचा की नाही हा निर्णय वेळेत व्हायला हवा.

शेवटी पुन्हा काकांकडे बघा. कठड्यावरचा हात सुटलाय? वेळ विचारणं थांबलं? दुखणं 0 ते 10 मध्ये किती? ‘तीन.’ आता दुखण्याचं औषध लागतंय का हे ठरवणं सोपं आहे. आधीच ट्रामाडॉल दिलं असतं तर लघवी आणखी अडली असती; अफूच्या गटातली (ओपिऑइड) अशी औषधं मूत्राशय सुस्त करतात. चुकीच्या अंदाजाची किंमत रुग्णानं मोजली असती.

विचारायचं म्हणजे नेमकं कोणत्या शब्दांत?

ऑर्लँडोंच्या तीन अटी आहेत. जे बोलाल ते तुमच्या मनात उमटलेल्या गोष्टींपैकीच एखादं असावं, मनात एक आणि तोंडावर एक नको. ते ‘माझं’ म्हणून सांगावं: ‘मला असं दिसतंय’, ‘मला असं वाटतंय’. आणि ते बरोबर की चूक हे रुग्णालाच विचारावं.

‘काय, बरं आहे ना?’ या प्रश्नात तिन्ही अटी मोडतात. त्यात तुमचं निरीक्षण नाही, तुमचा विचार नाही, आणि उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘तुम्ही घाबरलात’ हेसुद्धा चूक, कारण तुमचा अंदाज तुम्ही रुग्णाच्या अंगावर टाकलात. ‘तुम्ही ताट तसंच ठेवलंत. चव आवडली नाही असं मला वाटलं, बरोबर आहे का?’ हे ठीक. रुग्णाला ‘नाही’ म्हणायला जागा राहते, आणि नकारातूनच बहुतेकदा खरं कारण बाहेर येतं.

ताटाचीच गोष्ट पुढे न्यायची तर कारणं कितीतरी निघतात. कवळी घरी राहिली. सोमवारचा उपास आहे. लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासकाळातला शुक्रवार आहे आणि ताटात मांस आलंय. पेज हवी होती, भात घशाखाली उतरत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला जेवणाआधीचं इन्सुलिन देऊन झालंय आणि ताट तसंच आहे, तर हा प्रश्न तासाभरानं विचारून चालणार नाही. रक्तातली साखर डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असला तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि लगेच डॉक्टरांना कळवणं.

‘बरें आसा’ म्हणणाऱ्या रुग्णाचं काय करायचं?

शब्दांवर थांबू नका. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात सत्तरी-काणकोणपासून सिंधुदुर्ग आणि कारवारपर्यंतची माणसं येतात. कोंकणी, मराठी, मालवणी, कन्नड, हिंदी, सगळं एकाच वॉर्डात. मराठी बोलणाऱ्या नर्सला कोंकणी समजते असं आपण गृहीत धरतो, पण ‘जाय’ या एका शब्दावर गाडी अडू शकते. कोंकणीत ‘उदक जाय’ म्हणजे पाणी हवंय. घाटावरून नवीन आलेल्या मुलीला ते पाणी जाण्याबद्दल काहीतरी वाटतं. ‘घुंवळ येता’ म्हणजे घेरी येते; हे कळलं नाही आणि रुग्णाला तसंच चालवत न्हाणीघरात नेलं, तर तो पडणार.

दोन गोष्टी करा. दुखणं, उलटी, घेरी, श्वास, लघवी, शौच, भूक, तहान या आठ गोष्टींचे शब्द वॉर्डातल्या प्रत्येक भाषेत वहीत लिहून ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ‘बरें आसा’ ऐकल्यावर जे दिसतंय ते परत सांगा: ‘बरं आहे म्हणता, पण श्वास घेताना बरगडीवर हात ठेवता. तिथं दुखतंय का?’ म्हातारी माणसं विशेषतः सिस्टरला त्रास नको म्हणून बरं आहे म्हणतात. आजी, काकी, आंटी, अंकल, ज्याला जी हाक घरची वाटते ती द्या. आधी विचारून घेतलंत तर आणखी उत्तम.

‘ऑटोमॅटिक’ कृती म्हणजे वाईट कृती का?

कृती वाईट असतेच असं नाही, ती या रुग्णाच्या आत्ताच्या गरजेतून ठरलेली नसते एवढाच त्याचा अर्थ. पहाटे पाचला सगळ्यांचं स्पंजिंग, दहाला सगळ्यांचे बेड, केस शीटवर आहे म्हणून झोपेची गोळी द्यायला झोपलेल्या रुग्णाला उठवणं. यांतली बरीच कामं करावीच लागतात. तीच कृती विचारून केली की ‘विचारपूर्वक’ होते: ‘आता अंग पुसून देऊ, की चहा झाल्यावर?’

डॉक्टरांच्या ऑर्डरबद्दल ऑर्लँडोंचं मत अनेकींना चकित करतं. ऑर्डर रुग्णासाठी असते, नर्ससाठी नसते, असं त्या म्हणतात. रुग्णाला ती पाळायला जमत नसेल तिथं नर्स मदत करते. म्हणून रुग्णानं गोळी नाकारली तर ‘रिफ्यूज्ड’ लिहून पुढे जाणं पुरेसं नाही. का नाकारली हे विचारायचं, आणि ते कारण डॉक्टरांपर्यंत पोचवायचं.

चाळीस रुग्णांत एवढं विचारायला वेळ कुठून आणायचा?

वर काकांना पहिल्यांदा जे विचारलं ते घड्याळ लावून म्हणा. दहा-बारा सेकंद लागतात. वेगळी फेरी नको. नाडी मोजताना, सलाईन बदलताना, औषध देताना हे बोलायचं. आणि सगळ्यांना विचारायचं नसतं. ज्याचं वागणं मघापेक्षा बदललंय, जो पुन्हापुन्हा बेल वाजवतो किंवा अचानक गप्प झालाय, ज्यानं काही नाकारलंय, त्याला आधी. सहा वेळा बेल वाजवणाऱ्या रुग्णाची एकही गरज भागलेली नसते, म्हणून तो सातव्यांदा वाजवतो. त्याच्याजवळ एकदा नीट दोन मिनिटं थांबणं हे सहा फेऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं.

माणसं कमी आणि खाटा जास्त असतील तर मात्र कोणताही सिद्धांत ती तूट भरून काढत नाही. ती मागणी वेगळी आणि रास्त आहे.

मला रुग्णाचा राग आला, तर तोही सांगायचा?

भावना ही प्रतिक्रियेचाच भाग आहे आणि ती दाबली तरी आवाजातून, हाताच्या झटक्यातून बाहेर पडते. रुग्ण ती लगेच ओळखतो, आणि पुढच्या वेळी गरज सांगतच नाही. म्हणून ती शांतपणे, स्वतःची म्हणून बोलायची: ‘तुम्ही सुई तिसऱ्यांदा ओढून काढलीत, मी वैतागलेय. सुईनं काय त्रास होतोय ते मला सांगाल का?’ हे ओरडून सांगितलं तर तो दम होतो. आवाज ताब्यात नसेल तर आधी दुसऱ्या सिस्टरला पाठवा, तुम्ही नंतर जा.

सोबतचे नातेवाईकच उत्तर देतात, तेव्हा?

ऐकून घ्या, त्यांना घरच्या सवयी माहीत असतात. मग नजर रुग्णाकडे वळवून तोच प्रश्न त्याला विचारा. लघवी, शौच, पाळी, दारू, घरातली मारहाण हे विषय नातेवाइकांसमोर काढूच नका.

बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरचा किंवा गोंधळलेला रुग्ण असेल तर?

व्हेंटिलेटरवर असून शुद्धीत असलेल्या रुग्णाला पापणी मिटून हो-नाही सांगता येतं, चित्रांचा तक्ता दाखवता येतो. एका वेळी एकच प्रश्न. बेशुद्ध रुग्णात होकार मिळत नाही. तिथं कृती करून वागण्यातला बदल बघायचा, आणि इथं सिद्धांत तोकडा पडतो हे मान्य करायचं.

रुग्ण एकाएकी अस्वस्थ झाला, बरळायला लागला, तर गप्पा नंतर. आधी ऑक्सिजनचं प्रमाण, नाडी, रक्तदाब, साखर. ऑक्सिजन कमी पडला की माणूस चिडचिड करतो, मास्क ओढून काढतो, आणि आपण त्याला ‘सहकार्य करत नाही’ म्हणतो. श्वास, रक्तस्राव आणि शुद्ध यांच्या धोक्यात ऑर्लँडोही विचारत बसायला सांगत नाहीत. ठरलेली तातडीची कृती आधी, बोलणं तिच्यासोबत.

प्रोसेस रेकॉर्डिंग कसं लिहायचं?

रुग्णाशी झालेल्या संभाषणाची ही लेखी नोंद. मनोरुग्ण विभागाच्या पोस्टिंगला ती सगळ्यांनाच लिहावी लागते, आणि बहुतेकींच्या वह्यांत ती नाटकाच्या संवादासारखी होते: ती म्हणाली, मी म्हणाले. पाच रकाने आखा. रुग्णाचं वागणं; माझा विचार; माझी भावना; मी काय बोलले किंवा केलं; त्यावर रुग्ण काय म्हणाला किंवा कसा वागला. दहा-पंधरा मिनिटांचं संभाषण पुरे. खाटेजवळ लिहीत बसू नका, पण त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात लिहा. रुग्णाचं नाव नको.

पहिल्या रकान्यात ‘रुग्ण उदास होता’ लिहिलंत की चुकलंत. उदास हा तुमचा विचार, तो दुसऱ्या रकान्यात जातो. पहिल्यात: ‘भिंतीकडे तोंड, चादर डोक्यावर, नाश्ता तसाच.’ लिहून झालं की दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यावरून बोट फिरवा. जो विचार मनात आला पण रुग्णाला कधी विचारलाच नाही, तिथं लाल खूण करा. तुमची शिकण्याची जागा तीच.

पाच पायऱ्यांची नर्सिंग प्रोसेस आणि हा सिद्धांत एकच का?

परीक्षेत इथंच गुण जातात. मूल्यांकन, निदान, नियोजन, अंमलबजावणी, पुनर्मूल्यांकन ही केअर प्लॅनची चौकट नंतरच्या काळात आणि अनेकांच्या हातून घडत गेली. बरीच क्रमिक पुस्तकं ती ऑर्लँडोंच्या नावावर बसवतात. त्यांची मूळ मांडणी वागणं, प्रतिक्रिया आणि कृती या तीन गोष्टींची. पाच पायऱ्या लिहायला सांगितल्या तर लिहा, पण ‘रुग्णाकडून खातरजमा’ हा मुद्दा सोडू नका. तो सोडला तर उत्तरात ऑर्लँडो उरत नाहीत.

पेप्लाऊ आणि हेंडरसन यांच्यापेक्षा हे वेगळं कसं?

या दोघीही नर्सिंगच्या सिद्धांतकार. हिल्डगार्ड पेप्लाऊंची मांडणी 1952 ची. ती नात्याच्या टप्प्यांवर आहे, ओळखीपासून निरोपापर्यंत, म्हणजे दिवस-आठवड्यांचा हिशेब. ऑर्लँडोंचा हिशेब मिनिटांचा. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी 14 मूलभूत गरजा मांडल्या. ऑर्लँडोंकडे यादीच नाही. गरज कोणती हे त्या क्षणी रुग्ण सांगेल.

याचा उपयोग होतो हे कुणी तपासलंय का?

हो. येलमध्येच रेथॉ ड्यूमास आणि रॉबर्ट लेनर्ड यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर केलेला अभ्यास 1963 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनला नेण्याआधी ज्या रुग्णांची घालमेल नर्सनं अशा पद्धतीनं विचारून हलकी केली, त्यांना नंतर उलट्या कमी झाल्या. बोलण्याचा परिणाम पोटावर दिसतो, हे त्या काळी अशा रीतीनं तपासणं मोठं काम होतं. ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉली येण्याआधीची ती पाच मिनिटं आपल्या वॉर्डात आजही फक्त दागिने काढणं आणि सही घेणं यांत जातात.

सिद्धांताच्या मर्यादा कोणत्या?

तो एका नर्सपुरता आणि एका रुग्णापुरता आहे. कुटुंब, वाडा, गाव यांच्याबद्दल तो जवळजवळ काही सांगत नाही, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सला तो अपुरा वाटणं साहजिक आहे. मधुमेह, डायलिसिस, अर्धांगवायू अशा दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत आजची गरज भागवून उद्याचं नियोजन होत नाही. तिथं स्वतःची काळजी स्वतः घ्यायला शिकवणारी मांडणी, उदाहरणार्थ डोरोथिया ओरेम यांची, जोडीला घ्यावी लागते. आणि कधीकधी रुग्णाची आत्ताची इच्छा आणि त्याचं हित वेगळं असतं. पोटाच्या ऑपरेशननंतर तोंडानं काही द्यायचं नाही आणि रुग्ण पाणी मागतोय. पाणी देता येत नाही, पण ‘तहान लागलीय, की तोंड कोरडं पडलंय?’ हे विचारता येतं. तोंड कोरडं असेल तर ओल्या गॉजनं ओठ आणि जीभ पुसून द्या, चूळ भरून थुंकायला द्या, आणि पाणी कधी मिळेल ते डॉक्टरांना विचारून त्याला येऊन सांगा.